मुराळी विमानाने आली

हणमंतरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि निशिगंधाचं बाळंतपण मुंबईलाच होणार असं सांगून टाकलं. उद्या नळाला पाणी येणार नाही म्हणून सांगावं, इतक्या सहज. मुंबईच्या विहीणबाईंशी त्यांचं बोलणं झालं होतं म्हणे. कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमधून. म्हणजे बघा, लेक पद्मावतीबाईंची, तिच्या पोटात वाढतंय ते नातवंड पद्मावतीबाईंचं, आणि ठरवाठरवी केली कुणी, तर दिराने आणि विहिणीने, काचेचं दार लावून घेऊन. ज्या बाईच्या घरी बाळंतपण व्हायचं, तिला ते चहा देताना कळलं.

कारणं हणमंतरावांकडे भरपूर होती. मुंबई लांब. गाडीत अख्खी रात्र जाते. सातवा महिना, रुळांवरचे गचके, लग्नानंतर चार वर्षांनी राहिलेलं पोट. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि खरं कारण बाहेर काढलं. अंबाजीरावांना जाऊन दोन वर्षं झाली, घरात पुरुष माणूस नाही. भलत्या वेळी कळा सुरू झाल्या तर धावपळ कोण करणार? बाप गेला की माहेर अर्धं होतं, वहिनी, असं म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली.

“आणि आई गेली की?” पद्मावतीबाईंनी विचारलं.

“मग संपलंच की.”

“मी आणखी जिवंत आहे, भावजी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातली बशी काढून घेऊन आत निघून गेल्या. बशीत चहा अजून अर्धा होता.

तसे हणमंतराव वाईट नव्हेत. बरकतपुऱ्यातच दोन गल्ल्या सोडून राहायचे, भाऊ गेल्यापासून रोज संध्याकाळी वहिनीची विचारपूस करून जायचे, गॅसचा सिलिंडर संपला तर स्वतः उभं राहून आणवायचे. पण विचारपूस करता करता माणूस कधी विचारायचं सोडून देतो आणि नुसतं ठरवायला लागतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही. हणमंतरावांचं तेच झालं होतं.

सोळंके घराणं मूळचं नांदेडकडचं. निजामाच्या काळात शेतीवाडी करणारी माणसं. पुढे अंबाजीराव सिकंदराबादला रेल्वेत लागले आणि बरकतपुऱ्यात बिऱ्हाड थाटलं ते कायमचंच. एकच लेक, निशिगंधा. घरात सगळे निशी म्हणायचे. तिला मुंबईचं स्थळ आलं, मुलुंडच्या शिर्क्यांचं. मुलगा हर्षद, कॉम्प्युटरच्या कंपनीत. कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय करतात हे तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण शब्द ऐकला की माणसं सावरून बसायची. पद्मावतीबाईंनी तेव्हा एकच विचारलं होतं: मुंबई किती लांब? त्यावर याच हणमंतरावांनी हात झटकला होता. लांब कसली, रात्री गाडीत बसायचं, डोळा लागतो न लागतो तो दादर. आता बघा गंमत. तीच मुंबई, तेच रूळ, तीच गाडी. मुलगी न्यायची होती तेव्हा अंतर जवळचं, आणि बाळंतपणाला आणायची म्हटली की लांबचं. असा रस्ता कुठल्या इंजिनियरने बांधला ते एकदा विचारायला हवं.

पण नुसती गाडीची रात्रच आड येत होती असंही नाही. रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या आईबापांनी तिच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. अंबाजीराव या बाबतीत भलते कडक. निशीच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात खात्याच्या कामाला मुंबईला गेले, लेकीला भेटून यावं म्हणून मुलुंडला पोचले. अलकाताईंनी, म्हणजे निशीच्या सासूबाईंनी, कोकम सरबताचा पेला पुढे ठेवला. अंबाजीरावांनी हात जोडले. पाणी दिलं, पुन्हा हात जोडले. दोन तास कोरड्या घशाने बसले आणि मग खाली उतरून बिल्डिंगच्या पायऱ्यांवर शिदोरी सोडली. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. घरून नेलेली पाण्याची बाटली तापून कढत झालेली. निशी वर गॅलरीत उभी राहून बघत होती, बाप खाली गड्यासारखा बसून जेवतोय ते. त्या रात्री अलकाताईंनी तिला विचारलं, आमच्या घरचं पाणी काय गटारातलं आहे का? रीत आहे एवढंच निशी म्हणाली.

म्हणून लेकीला आणायला मुराळी जायचे ते हणमंतराव. काकाला रीत लागत नाही, काका जेवू शकतो. आणि काका जेवायचे हो! पंचमी असो की दिवाळी, मुराळी म्हणून जायचं, पाटावर बसायचं, दोनदा वाढून घ्यायचं. मुराळी उपाशी उठला तर लेक वाटभर रडत येते, असं आमच्याकडे म्हणतात, हे त्यांनीच अलकाताईंना पढवून ठेवलं होतं. जेवण झालं की मुराळ्याचा मान म्हणून टॉवेल-टोपी घ्यायची आणि पुतणीला घेऊन यायचं. त्यांच्या कपाटात टॉवेलांची चळत होती.

आणि मग अंबाजीराव गेले. दुपारी छातीत कळ आली, तासाभरात डॉक्टरांनी मान हलवली. मुंबईला फोन गेला. निशी आणि हर्षद होते तसे स्टेशनवर धावले, मिळाली त्या गाडीत उभे राहून निघाले. इकडे अंबाजीराव प्रत्येक वेळी दार वाजलं की डोळे उघडायचे. निशी आली का? येऊ लालीय, येऊ लालीय, पद्मावतीबाई सांगत राहिल्या. तोंडात पाणी घालू म्हटलं तर तोंड मिटून घ्यायचे. लेकीच्या हातचं घेईन म्हणायचे. पहाटे गेले. मे महिन्याचं ऊन, थांबणार किती? निशी दारात आली तेव्हा माणसं घाटावरून परत येऊन आंघोळी करत होती. बापाने लेकीच्या घरचं पाणी जन्मात घेतलं नाही, आणि जाताना घ्यायचं म्हणाला तर लेक सोलापूरच्या पुढे कुठेतरी गाडीत उभी होती.

हेही पद्मावतीबाईंनी गिळलं असतं. मरण कुणाच्या हातात असतं? पण पुढे काही महिन्यांनी पेपरात विमान कंपनीची जाहिरात आली, आणि त्यात मुंबईहून हैदराबादला संध्याकाळचंही विमान असतं असं छापलं होतं. कधीपासून असतं, विचारलं, तर कधीपासूनच असतं म्हणे. त्या संध्याकाळीही होतं. निशी त्यात बसली असती तर बापाच्या उशाशी पोचली असती. आणि ते कुणालाच सुचलं नव्हतं. कॉम्प्युटरवाल्या जावयाला नाही, मुंबईच्या विहिणीला नाही, हणमंतरावांना नाही, आणि पद्मावतीबाईंना स्वतःलाही नाही. सगळ्यांनी धाव घेतली ती स्टेशनकडे. रेल्वेतला माणूस मरतोय, मग लेक रेल्वेनेच येणार, दुसरं काय? विमान मंत्र्यांसाठी, नट-नट्यांसाठी. आपण कोण? या एका गोष्टीचा पद्मावतीबाईंना जो संताप आला तो अजून उतरला नव्हता, आणि उतरू नये असंच त्यांना वाटत होतं.

म्हणून बशी आत नेऊन ठेवल्यावर त्या रडत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली तशी चप्पल पायात घालून हिमायतनगरला गेल्या. त्या वर्षांत तिथे रोज काहीतरी नवीन उघडायचं. एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर तिकिटांचं ऑफिस होतं, आत गारेगार, काउंटरवर एक तेलुगू पोरगी. पद्मावतीबाईंनी तिला मुंबईला किती वेळ लागतो विचारलं. सव्वा तास, ती म्हणाली. आणि मुंबईहून हैदराबादला? पोरीने वर बघितलं. तेवढाच. नक्की तेवढाच ना, पद्मावतीबाईंनी पुन्हा विचारलं. तशी पोरगी हसली.

“आंटी, रास्ता तो एकीच है ना. जाते बी उत्ताच, आते बी उत्ताच.”

पद्मावतीबाईंना वाटलं, ही पोरगी एकदा आमच्या घरी चहाला न्यावी आणि भावजींच्या समोर बसवावी. रविवारी सकाळच्या विमानाने जायचं, संध्याकाळच्या विमानाने यायचं. जाताना एक माणूस, येताना दोन. पोटुशी बाई आहे म्हटल्यावर पोरीने सांगितलं की डॉक्टरची चिठ्ठी लागेल, आणि फार उशीर करू नका, पुढे दिवस भरत आले की विमानवाले घेत नाहीत. म्हणजे आत्ता नाही तर नाहीच. पैसे कुठून आणले असं मला विचारू नका. त्यांचे होते, त्यांनी घातले.

मग निशीला फोन केला. ती आधी हळू आवाजात इकडचं तिकडचं बोलत राहिली. सासूबाई शेजारच्या खोलीत असाव्यात. आई, मला तिकडेच यायचंय, असं तिने शेवटी म्हटलं, इतकं हळू की पद्मावतीबाईंना बूथचा पंखा बंद करावा लागला. डॉक्टरीणबाईंकडून चिठ्ठी आणून ठेव, त्यांनी सांगितलं. कुणाला बोलू नकोस. मुराळी येऊ लालाय रविवारी.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी हणमंतरावांना एकदा विचारलं, जाता का विमानाने? रीत तुमची आहे, तुम्हीच जा. हणमंतरावांना वाटलं वहिनी थट्टा करते. मग थट्टा नाही हे कळलं तेव्हा ते चिडले. विहीणबाईंना शब्द दिलाय, आता कोणत्या तोंडाने जाऊ? आणि विमान? आपल्या सात पिढ्यांत कुणी बसलंय का विमानात? बरं, मी गेलो नाही तर तुम्ही जाणार? बाई कधी मुराळी असते का? असं म्हणून ते हसले. त्यांनी हसायला नको होतं. चिडले होते तोवर पद्मावतीबाईंच्या मनात थोडी धाकधूक होती. ते हसले आणि ती गेली.

रविवारी सकाळी त्या बेगमपेटला विमानात बसल्या. पिशवीत अंबाडीच्या लोणच्याची बरणी होती. तपासणीच्या जवानाने झाकण उघडून वास घेतला आणि हसून पिशवी पुढे सरकवली. मनात सगळा बेत पक्का होता. गाडीने गेलं की माणसाला राहावं लागतं, राहिलं की खावं लागतं. म्हणून तर आई मुराळी जाऊ शकत नाही. पण सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं तर सासरच्या पाण्याला हात लावायची गरजच काय? रीतही राहील, लेकही येईल. हवाई सुंदरीने दिलेला नाश्ता त्यांनी कणही न सोडता संपवला, लोणीसुद्धा. मग पाणी मागितलं, एक पेला झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला ती मुलगी काळजीने बघायला लागली. मुलुंडला थेंबही घेता येणार नव्हता, तिला काय माहीत. खिडकीतून खाली बघितलं तर काळी रानं, मध्ये एखादं तळं चकाकताना. यातून कुठूनतरी ती गाडी जात असेल. त्यांना अंबाजीराव आठवले, आणि त्यांनी चौथा पेला मागितला.

सांताक्रूझहून टॅक्सीने मुलुंडला पोचायला जवळजवळ हैदराबादहून मुंबईला लागला तितकाच वेळ लागला. अलकाताईंनी दार उघडलं आणि विहिणीला एकटीलाच दारात बघून तिच्या मागे कुणी आहे का ते डोकावून पाहिलं. पद्मावतीबाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, निशीला न्यायला आले, संध्याकाळच्या विमानाने जायचंय. आत निशी भिंतीला हात टेकून उठली. पोट पुढे, चेहरा उतरलेला. आईला बघून ती रडायची, पण सासू मध्ये उभी होती म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

अलकाताई निवृत्त शिक्षिका. बोलणं शुद्ध, आवाज मऊ, आणि आपलंच खरं कसं ते मुलांना पटवायची आयुष्यभराची सवय. त्यांनी विहिणीला सोफ्यावर बसवलं आणि एकेक मुद्दा हळूहळू मांडला. प्रवासाचे गचके. पद्मावतीबाई म्हणाल्या, विमानाला रूळ नसतात. डॉक्टर परवानगी देणार नाहीत. निशी आत गेली आणि चिठ्ठी घेऊन आली. शुक्रवारीच आणून ठेवली होती. अलकाताईंनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. हर्षद पंख्याकडे बघत होता. बरा मुलगा, पण आईसमोर त्याला नेहमी पंखाच दिसायचा. मग अलकाताईंनी शेवटचा मुद्दा काढला, जो हणमंतरावांनी त्यांना फोनवर पुरवला होता. तुमच्या घरी पुरुष माणूस नाही.

“बाळंतपणात पुरुष काय करतो, विहीणबाई?” पद्मावतीबाई म्हणाल्या. “बाहेर येरझाऱ्या घालतो. त्या मी घालीन.”

हर्षदला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. मग पहिल्यांदाच पंख्यावरून नजर काढून तो म्हणाला की मी दर शनिवारी विमानाने येईन, कंपनीत सगळे जातात हल्ली. अलकाताई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ भांड्यांचे आवाज आले. पद्मावतीबाईंना वाटलं, जिंकलं. त्यांनी निशीला बॅग भरायला सांगितलं.

अलकाताई बाहेर आल्या त्या ताट घेऊन. जेवणाच्या टेबलावर पान मांडलं, वालाचं बिरडं, भात, पोळी, कडेला शिरा. रिकामी खुर्ची मागे ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आजवर हणमंतराव आले, जेवले, मगच निशी घराबाहेर पडली. मुराळी उपाशी उठला तर लेक रडत जाते, हे तुमच्याच घरचं. आणि लेकीच्या घरी आईने पाणी प्यायचं नाही, हेही तुमच्याच घरचं. आई म्हणून आला असाल तर भेटा आणि जा. मुराळी म्हणून आला असाल तर जेवल्याशिवाय मी सुनेला पाठवणार नाही. दोन्ही रीती तुमच्या आहेत, मी एकही नवी घातलेली नाही.”

आवाज अजून मऊच होता, पण शेवटाला तो जरा कापला. या बाईला खात्री होती की विहीण जेवणार नाही. आणि त्या खात्रीच्या खाली चार वर्षांचा अपमान होता. कोकम सरबताचा तो भरलेला पेला अजून तिच्या हातातच होता म्हणायला हरकत नाही.

पद्मावतीबाई सोफ्यावरून हलल्या नाहीत. सव्वा तासात विमानाने त्यांना इथवर आणून सोडलं होतं, पण सोफ्यापासून त्या खुर्चीपर्यंत नेणारं विमान कुठल्याच कंपनीकडे नव्हतं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. रीत मोडायची तीही ऐन सातव्यात? उद्या काही कमी-जास्त झालं तर लोक म्हणतील, आईने लेकीच्या घरचं खाल्लं म्हणून. लोकांचं जाऊ द्या, आपलंच मन म्हणेल. निशी दारात बॅग धरून उभी होती आणि नको नको म्हणून मान हलवत होती. मी राहते इथेच, आई, असं ती म्हणालीसुद्धा.

आणि तिच्या मागे गॅलरी दिसत होती. त्याच गॅलरीतून तिने खाली बघितलं असणार, पायऱ्यांवर बसलेल्या बापाकडे, गरम पाण्याची बाटली तोंडाला लावताना. काय मिळालं त्या माणसाला ती रीत पाळून? लग्न झाल्यापासून लेकीच्या घरी अवघे दोन तास, आणि मरताना कोरडा घसा. कुणीतरी कधीतरी मुलीच्या बापाला पाण्यापासून लांब बसवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडीला रात्र लागते म्हणून नाही लेक लांब गेली. आपणच तिला लांब ठेवली, घोटभर पाण्यावरून. पद्मावतीबाईंना असा राग आला, इतका राग आला, की भीतीला बसायला जागाच उरली नाही.

त्या उठल्या, मोरीत जाऊन हातपाय धुतले, पदर खोचला आणि येऊन खुर्चीवर बसल्या.

“वाढा,” त्या म्हणाल्या. “मुराळीच आहे मी.”

अलकाताई जागच्या हलेनात. बहुधा या वाक्याची त्यांनी तयारी केली नव्हती. पद्मावतीबाईंनी भात कालवायला घेतला आणि मग थांबून लेकीकडे पाहिलं.

“निशे, पाणी तू दे.”

निशीने बॅग खाली ठेवली. माठातल्या पाण्याने पेला काठोकाठ भरला. तिने तो पेला आईच्या हातात दिला आणि पद्मावतीबाईंनी तो एका दमात रिकामा केला, सगळ्यांच्या देखत, लेकीच्या सासरी, लेकीला मूल व्हायच्या आधी. आढं कोसळलं नाही. पेला खाली ठेवून त्यांनी तो पुन्हा पुढे सरकवला.

“अजून एक. तुझ्या बापाचा राहिलाय.”

निशीने तो भरला तेव्हा तिला समोरचं काही दिसत नसावं, कारण अर्धं पाणी टेबलावर सांडलं. पद्मावतीबाई उरलेलं हळूहळू प्याल्या, एकेक घोट, घाई न करता. हर्षद उठून गॅलरीत गेला. अलकाताईंनी फडकं आणून टेबल पुसलं, मग तेच फडकं हातात धरून बसल्या, आणि थोड्या वेळाने, कुणी मागितला नसताना, विहिणीच्या पानात शिरा वाढला. त्या दिवशी अंबाजीराव दोन घोट प्याले असते तर मला किती बरं वाटलं असतं, एवढंच त्या म्हणाल्या. मलाही, पद्मावतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी बिरडं दोनदा मागून घेतलं. मुराळी म्हणून आलं तर मुराळ्यासारखं जेवावं.

हात धुऊन झाल्यावर त्या मुद्दाम सोफ्यावर ऐसपैस बसल्या.

“आणि टॉवेल-टोपी, विहीणबाई?”

अलकाताई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. कपाटात हणमंतरावांसाठी दिवाळीला आणून ठेवलेली जोडी होतीच. त्यांनी ती काढली, वर कुंकवाचं बोट लावलं, आणि सातव्या महिन्याच्या सुनेची ओटी भरून तिला आईच्या हवाली केलं. दर आठवड्याला फोन करायचा, गाडीने कुठे जायचं नाही, बाळाचं नाव मात्र मी सुचवणार, हे सगळं त्यांनी जिन्यापर्यंत बजावलं. पद्मावतीबाईंनी सगळ्याला हो म्हटलं. नावाचं पुढे बघता येईल.

विमानात निशीने आधी आईचा हात घट्ट धरून ठेवला होता. ढगांच्या वर गेल्यावर तिने विचारलं, आई, पाप लागतं म्हणतात ना गं? लागलं तर लागू दे, पद्मावतीबाई म्हणाल्या, हैदराबादचा पत्ता आहे त्याच्याजवळ, सव्वा तासात येईल. निशी हसली, आणि हसता हसताच तिला झोप लागली. वाटभर ती रडली नाही.

बेगमपेटला बाहेर आल्या तर कठड्यापलीकडे हणमंतराव उभे. कुणी सांगितलं नव्हतं, पण आले होते. पुतणीला बघून त्यांचे डोळे भरले, आणि मग नजर वहिनीच्या पिशवीकडे गेली. लोणच्याची बरणी मुलुंडला ठेवून रिकाम्या झालेल्या जागेत टॉवेल होता, आणि टॉवेलावर पांढरी टोपी, कुंकवाच्या बोटासकट. टोपी मुराळी जेवल्याशिवाय मिळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांचा चेहरा उतरला. ते जवळ आले आणि निशीला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी विचारलं, तिकडे काही खाल्लंत तर नाही ना, वहिनी?

“पोटभर,” पद्मावतीबाई निशीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “पाणीही प्याले. माझं प्याले, आणि तुमच्या भावाचंही प्याले.”

हणमंतराव टोपीकडे बघत राहिले. मग त्यांनी पुतणीच्या हातातली बॅग घेतली, वहिनीच्या हातातली पिशवीही घेतली, आणि रिक्षा बघायला पुढे निघाले.